नोटिसीवर सही कुणाची?

(संविधान दिनाच्या निमित्ताने तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. छापण्यासाठी देताना काही वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



मी वकील नाही आणि राज्यशास्त्राचा प्राध्यापकही नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत संविधानाचं एक पानसुद्धा मी उघडलं नव्हतं. जे वाचलं ते नोकरी लागल्यावर, तेही एका भांडणामुळे. म्हणून त्या भांडणापासूनच सुरुवात करतो.

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. ‘महाराष्ट्रात मुसलमानांना मिळालेलं ५ टक्के आरक्षण कोर्टाने काढून घेतलं.’ खाली रडणारे चेहरे आणि ‘आपलं कोण ऐकतो’ वगैरे. एकदा माझ्या मामेभावाने तो पाठवला. बारावीला होता तेव्हा. मी विचारलं, कोणत्या कोर्टाने, कधी? तो म्हणाला, ‘भाई, सगळ्यांना माहीत आहे.’ मग आम्ही दोघं शोधायला बसलो, आणि जे सगळ्यांना माहीत आहे ते खरं नाही असं निघालं.

झालं असं होतं. जुलै २०१४ मध्ये त्या वेळच्या राज्य सरकारने दोन अध्यादेश काढले. एकात मराठा समाजाला १६ टक्के आणि दुसऱ्यात मुसलमानांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण, शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मध्ये ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होऊन सरकार बदललं. १४ नोव्हेंबर २०१४ ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. मराठा आरक्षणाला स्थगिती. मुस्लिमांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणालाही स्थगिती. पण शिक्षणातल्या ५ टक्क्यांना न्यायालयाने स्थगिती दिली नाही. ते चालू राहू दिलं.

मग ते गेलं कुठे? अध्यादेशाचं आयुष्य ठरलेलं असतं. विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की त्या दिवसापासून सहा आठवड्यांत तो संपतो, जर मधल्या काळात त्याचा कायदा केला नाही तर. संविधानाच्या कलम २१३ मध्ये हे लिहिलेलं आहे. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मराठा आरक्षणाचा कायदा झाला. मुस्लिमांसाठीचं विधेयक आलंच नाही. अध्यादेश आपोआप संपला. कुणी विरोधात मत दिलं नाही, कारण मत द्यायची वेळच आली नाही.

म्हणजे न्यायालयाने जे अर्धं ठेवलं होतं, ते विधिमंडळात कागद न हलल्यामुळे गेलं. आणि आम्ही इतकी वर्षं शिव्या कोर्टाला देतोय. ज्या आमदाराला आपण मत दिलं, जो ईदला शीरखुर्मा प्यायला घरी येतो, त्याला कुणी विचारलंच नाही की साहेब, तुम्ही त्या अधिवेशनात विधेयक मांडा म्हणून उठून उभे राहिलात का?

माझ्या आजच्या बोलण्याचा विषय कागदावर ‘सत्तेचं विभाजन’ असा आहे. शाळेच्या नागरिकशास्त्रात तो तीन ओळींत संपतो: विधिमंडळ कायदा करतं, कार्यकारी मंडळ अंमल करतं, न्यायमंडळ न्याय देतं. परीक्षेला तेवढं पुरतं. पण घरावर नोटीस लागली, बहिणीचा तलाकचा प्रश्न उभा राहिला किंवा पोलिसांनी बोलावलं की कुठे जायचं, हे त्या तीन ओळींवरून कळत नाही.

अध्यादेशाचा विषय निघालाच आहे तर पुण्याची एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. गोखले अर्थशास्त्र संस्थेत डी. सी. वाधवा नावाचे एक प्राध्यापक होते. जमिनीच्या कायद्यांवर संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं की बिहारमध्ये विधानसभेला बाजूला ठेवून राज्य चाललंय. अध्यादेश काढायचा, अधिवेशन झालं की त्याची मुदत संपायच्या बेताला तोच पुन्हा काढायचा. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश त्यांनी मोजले. काही तर दहा-बारा वर्षांहून जास्त जिवंत ठेवलेले. या माणसाने गॅझेटं चाळून, तारखा जुळवून ते सिद्ध केलं आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ च्या डिसेंबरात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की ही संविधानाची फसवणूक आहे; कायदा करणं विधिमंडळाचं काम आहे, सरकारने ते हडपायचं नाही. एक संशोधक, हातात मोर्चा नाही, पक्ष नाही, फक्त तारखांची यादी. मी डेटाबरोबर काम करणारा माणूस, मला त्यांचा हेवा वाटतो.

आता मूळ रचनेकडे येतो. आपल्याकडे तीन शाखांच्या मध्ये भक्कम भिंत आहे असं अनेकांना वाटतं. तशी ती नाही, आणि हे चुकून झालेलं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी दुरुस्ती सुचवली होती की कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांचं संपूर्ण विभाजन असावं, एकाचा माणूस दुसऱ्यात नको. ती फेटाळली गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा मंत्री संसदेचा सदस्य नसतो. आपल्याकडे मंत्री हा सभागृहाचा सदस्य असावाच लागतो, नसला तर सहा महिन्यांत व्हावा लागतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात याचं कारण सांगितलं आहे. अमेरिकी पद्धतीत सरकार स्थिर असतं, पण त्याचा हिशेब मुख्यतः ठरावीक काळाने, निवडणुकीतच होतो. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, अविश्वास, चर्चा यांतून हा हिशेब रोजच्या रोज द्यावा लागतो. स्थिरता आणि जबाबदारी यांत त्यांनी जबाबदारीला जास्त वजन दिलं.

विचार मोठा आहे, पण त्याला एक अट आहे. प्रश्न विचारणारे सदस्य मोकळे हवेत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. म्हणजे सत्ताधारी बाकावरचा आमदार सरकारच्या विधेयकाला विरोध करूच शकत नाही. आणि जिथे तो कायदा लागायला हवा तिथे काय होतं ते आपण महाराष्ट्रात २०२२ पासून डोळ्यांनी पाहिलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणं चूक होतं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा. अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये निर्णय दिला, दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र नाही. कोण बरोबर यात मी शिरत नाही. पण ज्या अध्यक्षाची निवड बहुमताने होते, तोच त्या बहुमताच्या वैधतेचा न्यायाधीश, ही रचना मला बरी वाटत नाही. आमच्या कामात ज्याने कोड लिहिला त्याने स्वतःच तो तपासून मंजूर करायचा नाही, हा पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम आहे. (उपमा इथपर्यंतच. देश म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. माझ्या क्षेत्रातले लोक हे विसरतात.)

आता आपल्या घरातला विषय. तीन शाखा एकमेकींशी कशा बोलतात हे समजून घ्यायचं असेल तर मुस्लिम स्त्रीच्या पोटगीच्या आणि तलाकच्या इतिहासापेक्षा चांगलं उदाहरण या देशात मला सापडलेलं नाही. दुर्दैवाने, हे मान्य.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करणाऱ्या कायद्याची. म्हणजे त्या कायदे करणाऱ्यांच्या दारात गेल्या होत्या, आणि ते बरोबरच दार होतं. ते उघडलं नाही. सात बायकांची मतं किती, हा हिशेब आमदारांना येतो.

बारा वर्षांनी, १९७८ मध्ये, इंदूरच्या शाहबानो दुसऱ्या दारात गेल्या. वय ६२. नवरा वकील. त्याने घराबाहेर काढलेलं, त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली, मग नवऱ्याने तलाक दिला. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये ठरवले. पंचवीस! उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. त्या १७९ रुपयांविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की कलम १२५ सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, इद्दतीनंतरही पोटगी द्यावी लागेल. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. माझं वैयक्तिक मत असं की निकाल योग्य होता, पण त्यात समान नागरी कायद्याबद्दल सरकारला दिलेल्या कानपिचक्या गरजेच्या नव्हत्या. निराधार बाईच्या पोटगीचा साधा प्रश्न एका फटक्यात समाजाच्या अस्मितेचा झाला, आणि ज्यांना तो तसा करायचाच होता त्यांचं काम सोपं झालं.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. रस्त्यावर लाखो लोक, सरकार घाबरलं, आणि मे १९८६ मध्ये संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. सर्वसाधारण समज हाच होता आणि आहे की संसदेने निकाल उलटवला, शाहबानो हरल्या. संसदेला तो अधिकार आहे का? आहे. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला आणि तो संसदेला पटला नाही तर संसद कायदा बदलू शकते. संसदेला एवढंच करता येत नाही की अमुक खटल्याचा निकाल चूक आहे असं स्वतःच जाहीर करून टाकायचं.

पण कायदा शब्दांत लिहावा लागतो, आणि शब्दांचा अर्थ लावणं पुन्हा न्यायालयाकडेच येतं. शाहबानोंचे वकील डॅनियल लतीफी यांनी नव्या कायद्यालाच आव्हान दिलं. २८ सप्टेंबर २००१ ला पाच न्यायाधीशांनी कायदा वैध ठरवला. नवऱ्यांनी सुस्कारा सोडला असेल. पण निकाल पुढे वाचा. कायद्यात लिहिलं होतं की इद्दतीच्या काळात नवऱ्याने ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ करायची. न्यायालय म्हणालं, तरतूद इद्दतीच्या आत करायची आहे, फक्त इद्दतीपुरती नाही. तीन महिन्यांच्या आत तिच्या पुढच्या आयुष्याची सोय करायची. एका शब्दयोगी अव्ययावर सगळं फिरलं. कायदा जागेवर राहिला आणि बाईचा हक्कही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की कलम १२५ चा मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला मोकळाच आहे. वेगळा कायदा आहे म्हणून तो बंद होत नाही.

आणि तोंडी तलाक? २२ ऑगस्ट २०१७ ला शायराबानो प्रकरणात पाचपैकी तीन न्यायाधीशांनी एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला. बातम्यांत आपण ‘तीन विरुद्ध दोन’ एवढंच वाचतो. ते दोघं, सरन्यायाधीश खेहर आणि न्यायमूर्ती अब्दुल नझीर, काय म्हणत होते? ते तीन तलाकची वकिली करत नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की हा बदल संसदेने कायदा करून करावा, आणि तोवर सहा महिने या प्रथेला मनाई असावी. म्हणजे १९६६ च्या सात बायका ज्या दारात गेल्या होत्या, त्याच दाराकडे ५१ वर्षांनी हे दोन न्यायाधीश बोट दाखवत होते. तिघांनी म्हटलं, थांबायची गरज नाही, आत्ताच रद्द.

संसदेने कायदा केला, पण कसा? लोकसभेत विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं, तेव्हा सप्टेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ मध्ये एकामागून एक तीन अध्यादेश काढले. वाधवा सरांची यादी आठवा. शेवटी जुलै २०१९ मध्ये कायदा झाला, नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. जो तलाक झालाच नाही असं न्यायालय म्हणतं, तो उच्चारल्याबद्दल तुरुंग कशासाठी, आणि नवरा आत असताना पोटगी कोण देणार, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तोंडी तलाक जायलाच हवा होता असं मानणारा मी माणूस आहे, तरी. या कायद्याला दिलेलं आव्हान न्यायालयात आहे.

हा इतिहास ऐकून काही जण म्हणतात, म्हणजे आपला वाली शेवटी कोर्टच. थांबा. २८ एप्रिल १९७६, आणीबाणी. लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात डांबलेलं. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की अटक बेकायदा असेल तर माणसाला कोर्टात दाद मागता येईल. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत तसं करता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. काही महिन्यांनी सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग यांना दिलं गेलं, जे त्या चौघांत होते. खन्नांनी राजीनामा दिला. आपल्या नावाचा माणूस मोठ्या खुर्चीत बसला की आपलं भलं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे प्रकरण वाचावं. आणि न्यायालयाची ही चूक आधी कुणी दुरुस्त केली? संसदेने. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने लिहून टाकलं की जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः तो निकाल चूक म्हणून पुसला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, ४१ वर्षांनी.

आता रस्त्यावर येऊ. आपल्या मोहल्ल्यांत ‘चॅप्टर केस’ हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतो. सण आला, निवडणूक आली की ठरावीक पोरांना नोटिसा जातात, वर्षभर शांतता राखीन असा बाँड लिहून दे म्हणून. पूर्वी क्रिमिनल प्रोसिजर कोडचं कलम १०७, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. पोरं जाऊन येतात आणि सांगतात, ‘कोर्टात जाऊन आलो.’ ते कोर्ट नसतं! तिथे बसलेला असतो कार्यकारी दंडाधिकारी. गावाकडे तहसीलदार, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात बऱ्याचदा सहायक पोलीस आयुक्तच. म्हणजे नोटिशीची शिफारस पोलिसांची आणि सुनावणी घेणाराही पोलीस खात्याचाच अधिकारी.

संविधानाचं कलम ५० सांगतं की राज्याने न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचा कलेक्टर वसुलीही करायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही द्यायचा. हे तोडा ही मागणी काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनची. घटना समितीत आधी यासाठी तीन वर्षांची मुदत घातली होती, नंतर ती गाळली. आपल्या मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा करून हे काम सुरू केलं, देशभर ते १९७३ च्या संहितेने झालं. चोरी, मारामारी, खून हे खटले तेव्हापासून उच्च न्यायालयाच्या हाताखालच्या मॅजिस्ट्रेटांकडे आणि न्यायाधीशांकडे आहेत. पण शांतता राखण्याच्या नावाखाली एक कोपरा कार्यकारी यंत्रणेकडे राहिला, आणि नेमका आपल्या पोरांचा संबंध त्याच कोपऱ्याशी येतो. म्हणून नोटीस आली की तीन गोष्टी बघा: कलम कोणतं, सही कुणाची, त्याचं पद काय. वकील घेऊन जाता येतं. बाँडचा आदेश झाला तर सत्र न्यायालयात आव्हान देता येतं, आणि ते खरं कोर्ट असतं. ‘जाऊ दे, सही करून मोकळे होऊ’ म्हणून न वाचता सही करू नका. तो कागद पुढच्या वेळी तुमच्याविरुद्ध काढला जातो.

शेवटचा मुद्दा माझ्या खालाच्या घराचा.

खाला चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. गच्चीला लागून पत्र्याची एक खोली आहे, खालूंनी वीसेक वर्षांपूर्वी बांधलेली. गेल्या वर्षी महापालिकेची नोटीस दारावर चिकटवलेली मिळाली, खोली अनधिकृत, काढून टाका. आजूबाजूच्या चार घरांनाही तशाच. त्या दिवसांत टीव्हीवर इतर राज्यांतले बुलडोझर रोज दिसत होते, त्यामुळे खालाला रात्रभर झोप नाही. सकाळी सगळे आधी माजी नगरसेवकाकडे धावले. माजी, कारण आमच्याकडे तेव्हा निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे होता. ठराव करणारे आणि अंमल करणारे यांच्यातला तो छोटासा फरकही गायब. मग पोलीस ठाण्यात. मग मशिदीत, इमामसाहेबांकडे, ते बिचारे दुआ करण्यापलीकडे काय करणार. नोटीस पूर्ण वाचली कुणीच नव्हती. सही कुणाची आहे, उत्तर किती दिवसांत द्यायचं आहे, ते खालच्या बारीक ओळींत होतं.

१३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा अशी माझी विनंती आहे. न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांचा. गवई आपल्या अमरावतीचे, पुढे सरन्यायाधीश झाले. निकालाचा गाभा सत्तेच्या विभाजनाचाच आहे: माणूस दोषी आहे की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम. सरकारी अधिकारी ते स्वतः ठरवून आरोपीचं घर पाडत असेल तर तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आहे. आणि एकावर आरोप म्हणून घरातल्या बायका-पोरांचं छप्पर काढणं ही सगळ्या कुटुंबाला दिलेली शिक्षा झाली.

त्यात नियम घालून दिले आहेत. किमान १५ दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि घरावर चिकटवून. समक्ष सुनावणी. कारणांसह लेखी आदेश. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस, म्हणजे अपील करता येईल किंवा स्वतः बांधकाम काढता येईल. पाडकामाचं चित्रीकरण. हे मोडलं तर अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून भरपाई. पण अर्धवट वाचून फसू नका. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही, आणि न्यायालयानेच पाडायचा आदेश दिला असेल तिथेही नाही. अनधिकृत ते अधिकृत होत नाही या निकालाने. तुमचं ऐकून घेतल्याशिवाय पाडता येत नाही, एवढं नक्की होतं.

आम्ही काय केलं? मी सुट्टी घेतली, ओळखीच्या एका वकील ताईंना बरोबर घेतलं, तीन पानी उत्तर मराठीत टाइप केलं. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, लाइटबिलं, खालूंच्या नावाची कागदपत्रं जोडली. रजिस्टर पोस्टाने नोटीस आलेली नाही हेही लिहिलं. उत्तर आवक-जावक खिडकीवर दिलं. तिथला कारकून म्हणाला, ठेवा, देतो साहेबांना. ताई म्हणाल्या, आवक क्रमांक आणि शिक्का मारून आमची प्रत द्या. तो म्हणाला, शिक्का जेवणानंतर. आम्ही जेवणानंतरपर्यंत बसलो. खालाने डब्यातल्या पोळ्या त्यालाही दिल्या, ते आमच्या रणनीतीत नव्हतं.

बाकीच्या चार घरांपैकी दोघांनी तेच उत्तर नावं बदलून दिलं. दोघांनी एका एजंटला पैसे दिले.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले, एक पावती परत मागितली. वागणूक सभ्य होती, हेही सांगायला हवं. आदेश अजून आलेला नाही. खोली पडेलही, ती खरंच विनापरवाना बांधलेली आहे, आणि मी खालाला खोटा धीर दिलेला नाही. आदेश आला की त्याला अपील करायचं की खोली स्वतःच उतरवायची, ते १५ दिवसांत ठरवू. शिक्का मारलेली प्रत तिने कपाटात, खालूंच्या हजच्या कागदांबरोबर ठेवली आहे.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्याकडे नोटिसा असतील त्यांनी त्या पुढे आणा. फोटो नको, मूळ कागद दाखवा.